घटस्थापनेचे धुणे आणि इंद्रायणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस आला की आपल्या दैनिकात छायाचित्र येते. कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी आणि प्रक्रिया न होता सोडलेले मैलापाणी यांच्याबद्दल आपण लिहिता, ते योग्यच आहे. कारवाई आधी तिथेच व्हायला हवी. पण मी देहूत राहते, म्हणजे नदीच्या वाटेवर आळंदीच्या अलीकडे. माझ्या मोरीतले पाणी गटारातून शेवटी त्याच पात्राकडे जाते. वर्षभर घरच्या धुण्यावर मी जे करून पाहिले ते घटस्थापनेच्या आत इतर बायकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र.

आम्ही घरात सहा जण. सुरुवात नातीमुळे झाली. आठ महिन्यांच्या पोरीच्या मांड्यांवर पुरळ उठले. डॉक्टरांनी दुपटी सौम्य साबणाने धुवून भरपूर पाण्यात विसळायला सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "पैठणी रिठ्यात धुतेस ना? मग पोरीच्या अंगाला लागतं ते का नाही?" मला उत्तर सुचले नाही. त्याच आठवड्यात पुण्याला गेले तेव्हा मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून किलोभर रिठे आणले.

रिठा फोडला की आत काळी, गोटीसारखी टणक बी असते. ती काढून टाकायची. फेस धरतो तो सालीतल्या सॅपोनिनमुळे. मी दहा-बारा रिठ्यांची साले रात्री तांब्याभर पाण्यात भिजत घालते, सकाळी दहा मिनिटे उकळते, कोमट झाल्यावर हाताने चुरगाळते आणि जुन्या पंचातून गाळून घेते. हे तपकिरी पाणी बादलीभर दुपट्यांना पुरते. वास थोडा आंबूस येतो, पण दुपटे वाळल्यावर राहत नाही. काढा दोन दिवसांत आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. डोळ्यांत उडाला तर फार चुरचुरतो, पोरांना जवळ बसवू नये. साले पुरचुंडीत बांधून मशीनमध्येही टाकून पाहिली. गार पाण्यात त्यांचा अर्क नीट उतरत नाही, काढाच बरा.

जे जमले नाही तेही सांगते. मुलगा चाकणला कंपनीत मशीनवर आहे. त्याच्या पँटवरचे ऑइल-ग्रीस रिठ्याने निघाले नाही. मिस्टरांचे पांढरे सदरे दोन महिन्यांत पिवळसर दिसू लागले. मग कळले की पावडरमध्ये एक द्रव्य असते, ते धाग्याला चिकटून राहते आणि उन्हात निळसर उजेड टाकते. सदरा जास्त पांढरा वाटतो, मळ मात्र त्याने निघत नाही. मोबाइलवर पाहून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करूनही पाहिले. जोरात फसफसले आणि कपडे होते तसेच राहिले. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात, मग मळ काढायला उरते काय?

खरी अडचण होती आमच्या बोअरच्या पाण्याची. पाणी जड. अंगाचा साबण लावला तरी बादलीत पांढरा साका धरतो. त्यावर किराणा दुकानातला धुण्याचा सोडा कामी आला. बादलीला एक चमचा आधी विरघळवला की पाण्यातला चुना खाली बसतो आणि मग निम्म्या पावडरीत काम होते. सोड्याने हात भाजल्यासारखे होतात, म्हणून मोजे घालते. रेशीम आणि लोकर यांना तो अजिबात लावत नाही. आता दुपटी, साड्या आणि रोजचे घामाचे कपडे रिठ्यात धुते. चादरींना सोडा आणि थोडी पावडर लागते. मुलाच्या पँटला पूर्ण पावडर, पण फक्त डागावर, घासून. पूर्वी महिन्याला तीन किलो पावडर लागायची, आता त्यातली एक किलो वाचते. नातीचे पुरळ गेले. ते रिठ्याने गेले की चार पाण्यांत विसळल्याने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

पाणी मऊ करायला काही डिटर्जंटमध्ये फॉस्फेट घालतात. नदीत ते शेवाळ आणि जलपर्णीला खतासारखे लागू पडते. जलपर्णी माजते, मग कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. मासे मरतात ते अशाने. माझ्या पावडरमध्ये फॉस्फेट आहे का, हे मी पाकीट उलटसुलट करून शोधले. सुगंधाचे वर्णन आहे, फुलांचे चित्र आहे, घटक नाहीत. पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या वस्तू गिऱ्हाइकाला ओळखता याव्यात, म्हणून केंद्र सरकारने १९९१ साली इकोमार्क योजना आणली. मातीचे मडके हे तिचे चिन्ह, आणि साबण-डिटर्जंट हा तिच्यातला एक गट. आमच्याकडच्या पाच दुकानांत मी ते मडके शोधले. एकाही पाकिटावर दिसले नाही. गिऱ्हाइकाने नदीचा विचार करून पावडर घ्यायची म्हटले तर घ्यायची कशी? पाकिटावर घटक आणि फॉस्फेटचे प्रमाण मराठीत छापणे सक्तीचे करा, ही माझी शासनाला विनंती आहे.

दुसरी विनंती नदीकाठच्या ग्रामपंचायती, नगरपंचायती आणि पालिकांना. घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायची आपली रीत. गोधडी मोरीत मावत नाही, भिजली की दोघींना उचलत नाही, म्हणून बायका घाटावर जातात. गेल्या वर्षी मी पाहिले, एका पायरीवर अकरा जणी होत्या आणि प्रत्येकीजवळ पावडरीचे पाकीट. गोधडीवर मूठ-मूठ पावडर टाकायची, धोपटायची आणि थेट प्रवाहात खळबळायची. त्यांना दोष कसा देऊ, तीस वर्षे मीही तेच केले. रिठाही तिथे नको. रिठ्याच्या चुऱ्याने डोहातले मासे गुंगवून पकडायची जुनी पद्धत आहे, म्हणजे माशांना तोही बाधतोच. काठापासून दूर, नळ असलेले आणि पाणी प्रक्रिया केंद्राकडे जाणाऱ्या गटार-वाहिनीला जोडलेले धुण्याचे मोठे कट्टे बांधून द्यावेत. घाटांच्या सुशोभीकरणावर खर्च होतो, त्यातला थोडा इकडे वळवावा.

यंदा आम्ही गोधड्या गच्चीवर धुतोय. दोन मोठे ड्रम, एकात रिठ्याचा काढा, दुसऱ्यात साधे पाणी. पायांनी तुडवायला सून आणि मी. काढ्याचे पाणी पाइपने खाली नारळाला सोडतो. सोड्याचे मात्र झाडाला देत नाही, जमीन खारते. पाच झाल्या, तीन राहिल्यात. शेजारच्या दोघी रविवारी आपापल्या गोधड्या घेऊन येणार आहेत, त्यामुळे शनिवारी रात्री रिठे जास्त भिजत घालावे लागतील.

आपली,
एक वाचक, देहू