शाळा नऊलाच हवी

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाला माझा मनापासून पाठिंबा आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज किमान नऊ तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठायचे, तर मूल साडेआठला झोपायला हवे. आमच्याकडे त्या वेळी आई किंवा बाबा जेमतेम लोकलमधून उतरलेले असतात. मग जेवण, गृहपाठ, दप्तर. आणि पहाटे अर्धवट झोपेतल्या मुलाला गणवेश चढवताना आपलाच आवाज चढतो. त्याचे दिवसभर वाईट वाटत राहते.

तरीही अनेक पालकांना नऊची वेळ नको आहे, कारण त्यांना आठच्या आत घर सोडावे लागते. आजी-आजोबा जवळ नसतील, तर मुलाला शाळेत पोहोचवणार कोण? ही अडचण खरी आहे, पण त्यासाठी सगळ्याच मुलांची झोप मोडणे योग्य नाही. तास नऊलाच सुरू व्हावेत. गरज असलेल्या मुलांसाठी शाळेने साडेसातपासून एक वर्गखोली उघडी ठेवावी आणि तिथे बसणाऱ्या मदतनिसाचे मानधन शासनाने द्यावे.

– एक पालक, डोंबिवली