मोजल्याशिवाय लिहू नकोस

प्रिय चिमे,

तुझं पत्र परवाच मिळालं, पण लागोपाठ दोन नाईट होत्या, म्हणून आज लिहायला बसलेय. पहिलीच पोस्टिंग लेबर रूमची लागलीय, जाण्याआधी काय वाचू, असं विचारलंयस. वाचायचं ते तू वाचशीलच. मला तुला एक रात्र सांगायची आहे.

माझा तिथला दुसरा महिना. दुसऱ्या खेपेची बाई होती, सगळं सुरळीत झालं. बाळ लगेच रडलं. वार आली, मी ती उलटून पालटून पाहिली, पूर्ण होती. पोटावर हात ठेवला तर गर्भपिशवी चेंडूसारखी टणक. केसपेपरवर 'रक्तस्राव अंदाजे २५० मिली' असं लिहिलं आणि पलीकडच्या टेबलाकडे वळले. अर्ध्या तासाने सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हिची नाडी बघता का जरा?" नाडी ११८. बीपी ११०/७०. बीपी बघून माझ्या जिवात जीव आला, आणि तिथेच मी चुकले. तरुण, धडधाकट बाईचं शरीर बीपी बराच वेळ धरून ठेवतं. आधी नाडी पळायला लागते. बीपी पडेपर्यंत पुष्कळ रक्त गेलेलं असतं. सिस्टरनी तिला कुशीवर वळवलं. कमरेखाली, रबरी शीटच्या खोलगट भागात रक्ताचं तळं साचलं होतं. पुन्हा पोटावर हात ठेवला तर मघाची टणक पिशवी सापडेचना. बेंबीच्या वरपर्यंत नुसतं काहीतरी मऊ लागत होतं. लघवीची पिशवी तुडुंब भरली होती आणि त्यामुळे गर्भपिशवी आवळत नव्हती. लघवीची पिशवी रिकामी करायची आठवण मला झाली नव्हती.

रजिस्ट्रार मॅडम धावत आल्या. लघवीसाठी कॅथेटर, शिरेत दुसरी लाइन, गर्भपिशवी आवळायला ऑक्सिटोसिनचा ड्रिप, रक्त थांबायला ट्रानेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम. एक मूठ आत, दुसरा हात पोटावर, अशी त्यांनी पिशवी दोन हातांच्या मधे दाबून धरली. त्यांच्या मनगटाला सुटलेला कंप मला अजून दिसतो. रक्त थांबलं. मग सिस्टरनी सगळे पॅड आणि चादरी काट्यावर घातल्या, कोरड्यांचं वजन वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. हिशेब ११५० वर गेला.

मॅडम ओरडल्या नाहीत. "तो २५० एका रेघेने खोड, वेळ घालून सही कर, खाली खरा आकडा लिही," एवढंच म्हणाल्या. त्या बाईला रक्त चढवावं लागलं, पण तिसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन स्वतःच्या पायांनी चालत गेली. मी तिच्यापाशी जाऊन सगळं खरं सांगितलं. तिने माझा हात धरला, आणि मला काही बोलता येईना.

चिमे, डोळ्यांनी केलेला रक्ताचा अंदाज जवळजवळ नेहमी कमीच भरतो, अगदी अनुभवी माणसाचासुद्धा. २०२३ साली ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो मात्र आवर्जून वाच. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून जास्त बाळंतिणी. बाईच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, म्हणजे किती रक्त गेलं ते समोर दिसतं, आणि रेघ ओलांडली की मसाज, औषधं, ट्रानेक्सॅमिक, सलाइन, तपासणी हे सगळं एकदमच करायचं, एकेक करून वाट बघत बसायचं नाही. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं जुनीच होती गं! फक्त वेळेवर कळत होतं.

हाताचंही तेच. पीव्ही करताना, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय ते बोटांनी तपासताना, सुरुवातीला माझे सहा सेंटिमीटर म्हणजे मॅडमचे चार असायचे. लाज वाटू देऊ नकोस, प्रत्येक वेळी आपला आकडा आधी मोठ्याने सांग आणि मग त्यांचा ऐक. एक-दोन सेंटिमीटरने काय बिघडतं असं वाटतं, पण पाच सेंटिमीटरच्या आधी तोंड संथपणे उघडणं बहुतेक वेळा स्वाभाविकच असतं. आकडा चुकला की उगाच घाई होते, आणि त्या घाईतून विनाकारण सिझर होतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू असलेल्या पेशंटचंही तसंच: गुडघ्याचा झटका, श्वास, लघवी स्वतः बघायची, आधीच्या नोंदीवरून उतरवायची नाही. आणि मॅग्नेशियम जास्त झालं तर त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, उशाशी आहे ना, हे ड्यूटी घेतानाच बघून ठेव.

गायनॅकच्या ऑपरेशन थिएटरबद्दल फार लिहीत नाही, पहिले काही महिने बहुतेक जखम उघडी धरणारा रिट्रॅक्टर धरण्यात जातात. पण एकदा मॅडमनी चिमट्याने मूत्रवाहिनीला, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी खाली आणणाऱ्या नळीला, हलकेच स्पर्श केला आणि ती गांडुळासारखी वळवळली. गर्भाशयाची धमनी हिच्या वरून जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर. "वळवळ दिसल्याशिवाय कात्री चालवायची नाही," म्हणाल्या. तेव्हापासून मी टेबलाशी उभी असले की आधी ती शोधते.

आता जे लिहायला जड जातंय ते. ओपीडीच्या पोस्टिंगमध्ये आठव्या महिन्यातली एक बाई आली, "कालपासून बाळ हलत नाही" म्हणाली. मी बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर लावला. पोटाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवत राहिले, मधेच तिचीच नाडी ऐकू यायची आणि ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हटलं, "मशीन नीट चालत नाहीये बहुतेक," आणि सोनोग्राफी रिकामी व्हायची वाट बघत तिला बाकावर बसवलं. वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत तिने नवऱ्याला फोन करून मशीन बिघडल्याचं सांगितलं होतं. पडद्यावर हृदयाची हालचाल नव्हती. मॅडम खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके थांबलेत. बाळ गेलंय." मग गप्प बसल्या, तिला रडू दिलं, हात सोडला नाही. मला आधी 'गेलंय' हा शब्द क्रूर वाटला. पण खरी क्रूर ती माझी वीस मिनिटं होती. "मला ठोके सापडत नाहीयेत, मला काळजी वाटतेय, आपण आत्ताच सोनोग्राफी करू," एवढं म्हणता आलं असतं. आता तसंच म्हणते, आणि पेशंटला एकटं बसवत नाही.

कॅन्सर ओपीडीतून एकच गोष्ट तुझ्यासाठी आणलीय. पाळी जाऊन बारा वर्षं झालेल्या एका बाईंना वर्षभर अधूनमधून डाग लागत होता. मधल्या काळात त्या गुडघ्यांसाठी, बीपीसाठी चार ठिकाणी जाऊन आल्या होत्या. डाग लागतो का, हे कुणी विचारलं नाही, आणि त्या आपणहून बोलल्या नाहीत. तू विचार. ओपीडीत कितीही गर्दी असली तरी विचार.

पोस्टिंग दर एक तारखेला बदलते आणि ओळखीची झालेली माणसं मागे राहतात, त्याची सवय मला अजून झालेली नाही. म्हणून हँडओव्हर देताना पेशंटच्या पलंगाशी उभी राहून देत जा, नावानिशी, पुढच्या डॉक्टरची ओळख करून देऊन.

झोप मिळेल तेव्हा झोप. पहिली नाईट संपली की फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी उचलते.

तुझीच,
मी