घराच्या पावत्या रद्दीत देण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठले कागद किती वर्षं जपावेत, याबद्दलचं कोष्टक आपल्या अंकात वाचलं. प्राप्तिकराचे कागद सहा वर्षं ठेवा आणि मग खुशाल रद्दीत द्या, असं त्यात आहे. हा सहा वर्षांचा नियम १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखालचा, धंदा-व्यवसायाच्या हिशेबवह्यांचा, आणि तोही संबंधित करनिर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून मोजायचा. मी तो घराला लावला आणि पस्तावलो.

२००९ साली राहत्या फ्लॅटमध्ये बरंच काम काढलं होतं. बाल्कनी आत घेतली, नळाच्या लायनी बदलल्या, सगळ्या घराची फरशी नवी केली. खर्च ४ लाख १० हजार. २०२१-२२ मध्ये फ्लॅट विकला. हा खर्च महागाई निर्देशांकाने वाढवून नफ्यातून वजा केला आणि कर वेळेत भरला. २०२३ च्या जूनमध्ये प्राप्तिकराच्या पोर्टलवर कलम १४३(२) ची, म्हणजे विवरणपत्र तपासणीला घेतल्याची नोटीस, मागोमाग १४२(१) ची प्रश्नावली. मागणी साधी होती: सुधारणेच्या खर्चाचे पुरावे जोडा.

चेकने दिलेले २ लाख ६५ हजार पासबुकात सापडले. उरलेले १ लाख ४५ हजार रोखीतले. गवंड्याने वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब घर आवरताना गेला. फरशीवाल्याची पावती मात्र फाइलमध्ये होती. उन्हात धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. वर दुकानाचं छापील नाव, खाली कोरा पांढरा कागद. थर्मल प्रिंटरने कागदावर उष्णतेने उमटवलेली अक्षरं बारा-चौदा वर्षांत उडून गेली होती.

तपासणी आता चेहराविरहित, म्हणजे अधिकाऱ्याची गाठ न पडता पोर्टलवरूनच. पूर्वी साहेबांसमोर बसून ‘अहो, घर येऊन बघा’ म्हणता यायचं. व्हिडिओवर सुनावणी मागता येते, पण कोरी पावती कॅमेऱ्यासमोर धरून काय करणार! रोखीचा खर्च अमान्य झाला. २००९-१० चा निर्देशांक १४८, २०२१-२२ चा ३१७; त्यामुळे १ लाख ४५ हजारांचे ३ लाख १० हजार होतात. त्यावर तेव्हाच्या दराने २० टक्के कर आणि उपकर मिळून साधारण ६४ हजार, वर व्याज. अधिकाऱ्यावर माझा राग नाही. मी हयातभर भांडार विभागात लेखनिक होतो. पावतीशिवाय एक नटबोल्टही मी खर्ची टाकू दिला नसता.

एका बाबतीत मात्र वाचलो. विक्रीच्याच वर्षी खात्यात साडेतीन लाख जमा झाले होते आणि बँकेच्या उताऱ्यात पुढे नुसतं ‘क्लिअरिंग’; त्याचाही खुलासा मागितला. धाकट्या भावाने जुनी उसनवार परत केली होती, पण हे मलाच आठवायला दोन दिवस लागले. त्याचं पत्र, पॅन आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडला, तेव्हा कुठे ते मिटलं. खुलासा झाला नसता तर तेव्हाच्या नियमाने अशा रकमेवर अधिभार-उपकर धरून ७८ टक्के कर लागला असता, हे सीएने नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते दोन दिवस झोप लागली नसती.

आता पासबुकात प्रत्येक मोठ्या जमेपुढे त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवतो: कोणाकडून, कशाबद्दल. थर्मल पावती हातात आली की झेरॉक्स काढतो. मुलगा फोटो काढून ठेवतो. मला झेरॉक्स बरी वाटते.

आपलं कोष्टक पुन्हा छापाल तेव्हा त्यात एक ओळ वाढवावी, ही विनंती. घर, दागिने, शेअर यांच्या खरेदीची आणि घरावर केलेल्या खर्चाची बिलं ती वस्तू विकेपर्यंत ठेवावीत, आणि सहा वर्षं मोजायचीच असतील तर विक्रीच्या वर्षाचं करनिर्धारण वर्ष संपल्यावर मोजायला लागावं.

आपला,
एक निवृत्त लेखनिक