सेवाग्रामच्या होस्टेलमधून

सेवाग्राम,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय मित्रा,

उलंगवाडी झाली का, कापसाची शेवटची वेचणी संपली का? बाबांना विचारलं तर "होते आता" एवढंच सांगतात, आणि भाव विचारला की फोन आईच्या हातात देतात. म्हणून तुला विचारतो. तू मात्र फोनवर एकच लावून धरतोस, "होस्टेल कसं आहे बे, रॅगिंग-बिगिंग आहे का?" खोलीत रूममेट बसलेला असताना असं काही धड बोलता येत नाही, आणि गॅलरीत गेलो की थंडी. म्हणून आज सरळ पत्र घेतलं लिहायला.

रॅगिंगचं आधी सांगून टाकतो. इथं मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी माझं एक आणि बाबांचं एक, अशी दोन प्रतिज्ञापत्रं भरून घेतली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2009 च्या नियमांनी ती सगळीकडेच लागतात, आणि आपल्या राज्याचा कायदा तर 1999 चा आहे. बाबांनी न वाचता सही ठोकली. आईनं मात्र सगळं मोठ्यानं वाचून घेतलं आणि 1800-180-5522 हा हेल्पलाइनचा नंबर कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाखाली लिहून ठेवला. तो लावायची वेळ आली नाही. सीनियरांनी जुनी पुस्तकं दिली, अभ्यासाच्या हाडांचा डबा दिला. तो डबा माझ्या खाटेखाली, ठेच्याच्या बरणीशेजारी आहे. आईला हे सांगू नको.

रूममेट दिल्लीचा आहे. इथल्या निम्म्या जागा राज्याबाहेरच्या मुलांना असतात, त्यामुळे कॉरिडॉरमध्ये हिंदीच चालते. तो पहिल्या दिवशी चाकांची बॅग घेऊन आला, मी लोखंडी पेटी. त्याच्या आईनं गादी पसरून दिली, उशीला खोळ घातली, मग जाताना रडली. माझे बाबा खोलीच्या दारातच उभे राहिले, पंखा चालतो का बघितलं आणि म्हणाले, "राळेगावची गाडी चुकन मग." गेले. त्या रात्री दोघांनाही झोप नव्हती. तो मोबाइल पाहत पडला होता आणि मी पंखा.

पण होस्टेलवर राहायला लागायच्या आधी इथं पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात शिबिराला राहावं लागतं, हे तुला माहीत नसेल. ही या कॉलेजची जुनी रीत. गांधीजींच्या डॉक्टर असलेल्या सुशीला नायर यांनी 1969 साली, म्हणजे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, हे कॉलेज काढलं. पूर्वी प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. 'नीट' ही देशभराची एकच परीक्षा आल्यावर तो गेला, शिबिर राहिलं. पहाटेची प्रार्थना, झाडझूड, भाज्या चिरणं, श्रमदान, सूतकताई. मुंबई-दिल्लीच्या पोरांचे हात पहिल्या दोन दिवसांतच सोलले. आपल्याला फावड्याचं काय कौतुक! मी आपलं मिरवून घेतलं.

चरख्यापाशी मात्र माझी सगळी मिजास उतरली. आपण जन्मापासून कापसात, बे. दिवाळीच्या सुट्ट्या वेचणीत गेल्या, गंजीवर उड्या मारल्या, वेचणीच्या पूजेचा, सीतादहीचा, दहीभात वावरात बसून खाल्ला. पण कापसाचा धागा होताना मी पहिल्यांदा पाहिला तो इथं, आणि तोही दिल्लीच्या पोरानं काढलेला. उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हळूहळू मागं ओढत न्यायचा. जरा घाई केली की तटकन तुटतो. आपला कापूस गाडीत भरला, जिनिंगला गेला, की पुढं त्याचं काय होतं ते आपल्याला चुकाऱ्यापुरतंच ठाऊक.

आणि वर्गात खादीच घालायची. आपल्या गल्लीत खादी कोण घालतं सांग? बाबांचा सदरा टेरिकॉटचा, आईची साडी पॉलिस्टरची, कारण ती चटकन वाळते आणि वर्षं काढते. मी खादी घेतली तेव्हा बाबांनी किंमत विचारली आणि गप्प झाले. मनात क्विंटलचा हिशोब चालला असणार. धुणं हा आणखी वेगळा धडा. ओली खादी बादलीतून उचलताना मनगट दुखतं, पिळता पिळत नाही, आणि दोरीवर दोन दिवस टाकली तरी कॉलर ओली ती ओलीच. रविवारी सकाळी गॅलरीतल्या दोरीवरून जी भांडणं होतात ती आपल्या बोअरवरच्या भांडणांपेक्षा कमी नाहीत.

बापूकुटीही दाखवली. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. आत साप पकडायचा एक पिंजरा ठेवला आहे; साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. (आपल्याकडे साप निघाला की अर्धं गाव काठ्या घेऊन धावतं, हे मी कोणाला सांगितलं नाही.) बाकीची पोरं "किती सुंदर, किती साधं" म्हणत फोटो काढत होती. मला माझ्या आजीचं घर दिसत होतं. त्यातून सुटायला आम्ही घरकुलाच्या यादीत नाव लागायची वाट पाहत होतो, ते घर.

होस्टेलवर आल्यावर दिवस कसे जातात कळत नाही. सकाळी लेक्चर, मग डिसेक्शन. फॉर्मलिनचा वास हातांना जेवतानाही येतो. शुक्रवारी संध्याकाळी सर्वधर्म प्रार्थना असते. तिच्यात अकरा व्रतं म्हणतो, त्यांतलं एक 'अस्वाद', म्हणजे जिभेचे चोचले न पुरवणं. ते म्हणून झालं की मी खोलीवर येऊन ठेच्याची बरणी उघडतो. रूममेटनं पहिल्यांदा चमचाभर खाल्ला आणि अर्धा तांब्या पाणी प्यायला. आता मी नसताना बरणी खाली जाते. रात्री तो मला फिजिओलॉजीचं इंग्रजी सोडवून देतो आणि मी त्याला रोगी कसा बोलतो ते शिकवतो. 'अंगात कसर आहे' (म्हणजे बारीक ताप), 'कळ मारून राहिली', असं काय काय. त्यावरून रात्री दीड-दीड वाजतात.

खरं लिहायचं होतं ते दुसऱ्या, गावातल्या शिबिराचं. प्रत्येक बॅच एक गाव घेते, तिथंच पंधरा दिवस मुक्काम, आणि प्रत्येकाला चार-पाच घरं वाटून दिलेली. देशभरच्या मेडिकल कॉलेजांत आता असं कुटुंब दत्तक घेणं सक्तीचं झालंय, इथं ते फार आधीपासून आहे. माझ्या वाट्याच्या पहिल्याच घरी एका काकूनं खाटेवर सतरंजी टाकली, मला बसवलं आणि स्वतः खाली बसली. कोरा चहा दिला. ग्लास धरलेल्या बोटांवर बोंडांच्या टोकांनी पडलेले बारीक चिरे होते, आईच्या बोटांवर असतात तसेच. मी फॉर्म काढला. महिन्याचं उत्पन्न? ती हसली. "डाक्टरसाहेब, कापूस इकल्यावर सांगू का इकायच्या आधी?" मी काय बोलणार? आपल्या घरी असाच फॉर्म घेऊन बाई यायची तेव्हा आई जो आकडा सांगायची तोच मी लिहिला. मांडीवर वही घेऊन खाटेवर बसल्यावर फार अवघडतं रे. खाली बसायला गेलो तर काकू रागावली.

गंमत म्हणजे रूममेटला त्याच्या घरांत माझ्यापेक्षा जास्त कळलं. मला सगळी उत्तरं आधीच ठाऊक, म्हणून मी विचारतच नव्हतो. तो मोडक्या मराठीत बिनधास्त विचारायचा, "संडास आहे, मग जात काहून नाही?" आणि त्या बाया त्याला हसत हसत सांगायच्या, पाणी किती लांबून आणावं लागतं, रात्री भीती कशाची वाटते, सासू काय म्हणते. हे माझ्या आईनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आता तुझं सांग. भरतीची तारीख आली का? 1600 मीटरला सध्या किती वेळ लागतो ते लिही. धावून झालं की लगेच बांधावर बसकण मारतोस ना, ते बंद कर. थोडा वेळ चालत राहा. पायातलं रक्त वर ढकलायला पोटरीचे स्नायू लागतात, असं आम्हाला नुकतंच शिकवलं. आणि इकडे यायचं असेल तर सेवाग्राम स्टेशन नावाला भुलू नको, तिथून आश्रम लांब आहे. वर्ध्याच्या बसस्टँडवर उतर, तिथून आठ किलोमीटर. रविवारी ये, आणि आईकडून बरणी भरून आण.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा डाक्टर