चिकूसाठी धावलेल्यांना

आमचा चिकू १३ वर्षांचा पॉमेरेनियन. श्वासनलिका उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या (मऊ हाडासारख्या) कड्या ढिल्या पडल्यात. जरा उड्या मारल्या की बदक ओरडावं तसा खोकतो. हे बरं होत नाही, सांभाळावं लागतं.

एप्रिलमधल्या त्या रात्री वीज गेली आणि उकाड्यानं त्याची जीभ निळी पडली. कुत्रं बघून दोन रिक्षा निघून गेल्या. तिसरे काका म्हणाले, "बसा, फक्त मान दाबू नका त्याची." दवाखान्यात तासभर ऑक्सिजनची नळी हातात धरून बसलेली ती शिकाऊ मुलगी! गळपट्टा काढा, छातीचा पट्टा घाला, हे तिनंच सांगितलं. इतकी वर्षं आम्ही गळ्यालाच दोरी ओढत होतो.

आणि तळमजल्यावरच्या आजी. कुत्र्यांना घाबरतात, तरी मे महिनाभर दुपारी कूलरसमोर चिकूला जागा दिली. (स्वतः पलंगावर पाय वर घेऊन बसायच्या.)

तूप-पोळी बंद केल्यापासून चिकूचं वजन उतरलंय. झोपेत मिनिटाला २२-२४ श्वास, म्हणजे ठीक; रोज मोजते.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. रिक्षावाले काका, गडबडीत तुमचे पैसे द्यायचे राहिलेत. दिसलात तर हाक मारा.