दहा नंबरची सुई म्हणजे नेमकी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी पुरवण्यांत विणकामाच्या कृती पुन्हा दिसू लागल्या आहेत, याचे स्वागत आहे. चित्र बहुतेक ठरलेले असते. कॉलेज संपवून घरी असलेली, अर्जांच्या उत्तरांची वाट पाहणारी मुलगी, मागे खिडकी, मांडीवर धाग्याच्या रंगीत गुंड्या. चित्राखाली कृती: ‘दोन गुंड्या लोकर, दहा नंबरच्या सुया, साठ टाके घाला.’ या एका ओळीत तीन घोळ आहेत. त्यांपायी किती मुलींचे काम अर्धवट उसवले जाते हे विणकाम शिकवणाऱ्या कोणालाही विचारावे.

पहिला घोळ नंबराचा. आपल्या दुकानांत चालतात ते जुने ब्रिटिश नंबर. त्यात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, १२ नंबर म्हणजे २.७५. अमेरिकन नंबर याच्या नेमके उलट चालतात. तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ६. आजची मुलगी मोबाइलवर अमेरिकन व्हिडिओ बघते आणि म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात जाऊन ‘आठ नंबरच्या द्या’ म्हणते. दुकानदार ४ मिलिमीटरच्या देतो. चूक दोघांचीही नाही, पण पोलके दोन माप लहान होते. क्रोशात तर नावांचाच गोंधळ आहे. आपण ज्या टाक्याला खांब म्हणतो तो अमेरिकन कृतीत डबल क्रोशे आणि ब्रिटिश कृतीत ट्रेबल. म्हणून सुईचे माप मिलिमीटरमध्येच छापावे. घरातल्या जुन्या सुयांवरचा आकडा पुसला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तीत सुई घालून बघता येते.

दुसरा घोळ ‘लोकर’ या शब्दाचा. आपल्याकडे लोकर म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी ॲक्रिलिक असते. खात्री करायची तर वीतभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून पेटवावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखे जळते, राख मऊ. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो. हा मणी लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण गरम भांडी धरायची फडकी, तव्याखालचे गोल, चहाच्या किटलीचे टोपडे हे सगळे नवशिकी मुलगी हौसेने आधी करते आणि ॲक्रिलिकमध्येच करते. तापलेल्या भांड्याला ते चिकटते, प्रसंगी हाताला. स्वयंपाकघरातले काहीही फक्त सुतात, तेही दुहेरी.

गोव्याच्या हवेला तर मुळातच सूत बरे. इथे स्वेटर वापरायचे दिवस बोटांवर मोजण्याएवढे. तरीही दहातल्या सात जणी मफलरने सुरुवात करतात, कारण कृती उत्तरेकडच्या थंडीसाठी लिहिलेल्या असतात. सुताचे स्वभाव मात्र वेगळे आहेत आणि ते कृतीत सांगावे लागतात. सुताला लवचीकपणा नाही. एक टाका सुलट एक उलट अशी विणलेली काठाची पट्टी लोकरीत आवळून बसते, सुतात दोन धुण्यांत सैल पडते. त्यावर उपाय म्हणजे पट्टी दोन मापे बारीक सुयांवर विणायची. सूत जड असते, लांब कपडा स्वतःच्या वजनाने ओघळतो. आणि पहिल्या धुण्यात ते थोडे आटते. त्यामुळे नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजायचा. ३० टाके, ४० ओळी, आणि मोजायचे मधले १० सेंटिमीटर, कडेचे नव्हे.

हा तुकडा करायला सगळ्या जणी कंटाळतात, म्हणून हिशेबच मांडतो. कृतीत १० सेंटिमीटरला २२ टाके धरले आहेत आणि छातीचा घेर ९० सेंटिमीटर हवा आहे, म्हणजे १९८ टाके. तुमचा हात सैल, तुमचे २० टाके बसतात. तेच १९८ टाके ९९ सेंटिमीटर होतात. १० सेंटिमीटरमध्ये दोन टाक्यांचा फरक, अंगात ९ सेंटिमीटरचा. अर्ध्या तासाचा तुकडा वाचवला आणि महिन्याचे काम उसवले.

तिसरा घोळ ‘दोन गुंड्या’. गुंडी किती ग्रॅमची? ५० की १००? त्यात किती मीटर? प्लायचा आकडा फक्त पीळ किती धाग्यांचा ते सांगतो, जाडी सांगत नाही. १०० ग्रॅममध्ये किती मीटर बसते यावरून जाडी कळते. शिवाय रंगाचा घाणा, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप: एकाच रंगाच्या दोन वेगवेगळ्या घाण्यांत उजेडात दिसेल एवढा फरक असतो. लागेल तेवढे सूत एकदम घ्यावे, गुंडीच्या चिठ्ठीवरचा घाण्याचा आकडा जुळवून घ्यावा आणि चिठ्ठी काम पुरे होईपर्यंत फेकू नये. सुटी, चिठ्ठीविना लच्छी स्वस्त पडते खरी, पण नंतर तिची जोडी मिळत नाही. लाल, जांभळे, गडद निळे सूत ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघावे. रंग सुटत असेल तर तो मीठ-व्हिनेगरने बांधला जात नाही, कितीही जणी सांगोत. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे, नाहीतर पांढऱ्याशी त्याची जोडी जमवू नये.

नीट लिहिलेली कृती कशी असते, ते बाजाराच्या जाळीदार पिशवीवर दाखवतो. गोव्यात मफलरपेक्षा ही कधीही उपयोगी. सूत १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर बसणारे. लागते १५० ते १७०, घ्यावे २०० ग्रॅम. एक गोल सुई ४ मिलिमीटरची, दुसरी ६ ची, दोन्ही ६० ते ८० सेंटिमीटर लांब. ४ च्या सुईवर ४० टाके घालून ८० ओळी दोन्ही बाजूंनी सुलटच विणाव्यात. १८ सेंटिमीटरचा चौकोन होतो, हा तळ. सुईवरचे ४० टाके तसेच ठेवून उरलेल्या तीन बाजूंनी प्रत्येकी ४० टाके उचलावेत. दोन ओळींची एक वळी होते, प्रत्येक वळीतून एक टाका. एकूण १६०. खुणेचा धागा घालून ६ च्या सुईने गोल विणायला लागावे. पहिला फेरा: दोरा पुढे (म्हणजे एक टाका वाढतो), दोनांचा एक (दोन टाके एकत्र विणायचे), असे शेवटपर्यंत. दुसरा फेरा सगळा सुलट. तिसरा: दोन टाके एकेक करून न विणता उजव्या सुईवर घ्यावेत, डावी सुई पुढून घालून दोन्ही मिळून विणावेत, मग दोरा पुढे. चौथा सुलट. हे चार फेरे १४ वेळा. पहिल्या आणि तिसऱ्या फेऱ्यातला हा दिशेचा फरक वगळून सगळे पहिल्यासारखेच विणले, तर जाळी एका बाजूला तिरकी होते आणि पिशवी चकलीसारखी पिळवटते. व्हिडिओंत ही अडचण बहुधा सांगत नाहीत.

मग पुन्हा ४ ची सुई. दोन सुलट, दोनांचा एक, असा फेरा घेतला की १२० टाके राहतात. एक फेरा सुलट, एक उलट, असे आठ फेरे. आता ५२ टाके बंद, ८ ठेवायचे, ५२ बंद, ८ ठेवायचे. एका बाजूच्या ८ टाक्यांवर ४५ सेंटिमीटर पट्टा विणावा, प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलावा म्हणजे कड सरळ राहते, आणि तिसऱ्या सुईने समोरच्या ८ टाक्यांशी जोडून बंद करावा. खरी गोम इथे आहे. विणलेला सुती पट्टा दोन नारळ आणि किलोभर बटाट्यांखाली गुडघ्यापर्यंत लोंबतो. म्हणून आतून अडीच सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी शिवावी. ती तळापर्यंत नेली तर अधिक चांगले.

टाके मोजले तर तळाचे ३,२००, जाळीचे ८,९६०, काठाचे ९६०, पट्ट्याचे सुमारे १,६००. मिनिटाला २५ टाके हा सरावलेला वेग धरला तर पावणेदहा तास होतात, शिवण-धुणे धरून अकरा. तासाला ६० रुपये लावले तरी मजुरी ६६० रुपये, सुताचे पैसे वेगळे. जत्रेतल्या किंवा फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) फेरीतल्या टेबलावर याच पिशवीला दीडशे रुपये मागितले जातात, वर ‘घरीच असता ना तुम्ही’. क्रोशाबद्दल एवढे तरी ठाऊक असावे की सुयांच्या विणकामाला यंत्र आहे, पण खऱ्या क्रोशाला नाही. कुठल्याही दुकानात दोनशे रुपयांना दिसणारा क्रोशाचा टॉप कोणाच्या तरी हातांनीच विणलेला असतो, मग त्या हातांना काय मिळाले याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

विकणाऱ्या मुलींनी एक कायदेशीर बाबही ध्यानात घ्यावी. सध्या सगळ्यांत जास्त खपतात ती क्रोशाची बाहुली-प्राणी. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणजे आधी नोंदणी, मग विक्री. आणि कायदा काहीही म्हणो, तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला मणी किंवा बटणाचे डोळे लावू नयेत, भरतकामाने काढावेत. विणकामाचे मोल सरकारदरबारी किती, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपी आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे (तो असायलाच हवा), सुयांवर विणणारी नाही.

पावसाबद्दल कोणतीच छापील कृती बोलत नाही. जून ते सप्टेंबर इथे सुती काम नुसते वाळवणे हेच निम्मे काम. धुतल्यावर उशीच्या अभ्र्यात घालून यंत्रात पिळावे, दोरीवर न टांगता आडवे पसरून पंख्याखाली ठेवावे, दर दोन-तीन तासांनी उलटावे. टांगले की पाण्याच्या वजनाने लांबते आणि तसेच राहते. हाताला कोरडे लागले तरी आणखी एक रात्र जाऊ द्यावी, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. चवथीच्या तोरणांची कामे नेमकी याच दिवसांत असतात, तेव्हा देण्याची तारीख चार दिवस पुढची सांगावी. क्रोशाचे रुमाल, टेबलक्लॉथ पेजेचे खळ लावून कपाटात ठेवायची जुनी सवय मोडावी. पिठूळ खळावर झुरळेही येतात आणि बुरशीही. खळ वापरायच्या आदल्या दिवशी लावावे. मुलामा उडालेल्या लोखंडी सुया खाऱ्या हवेत गंजतात आणि पांढऱ्या सुतावर तपकिरी डाग पडतात. बांबूच्या सुया गंजत नाहीत, पण पावसात फुगून धागा धरून ठेवतात. मेणाच्या कागदाने पुसल्या की पुन्हा चालत्या होतात.

विणणाऱ्या मुलींच्या दिनक्रमाचे कौतुक छापताना त्यातली सोय-गैरसोयही छापता येईल. मडगाव-पणजी बसमध्ये लांब सरळ सुया शेजाऱ्याला टोचतात. तिथे गोल सुई बरी, टाके दोरीवर सरकवून ठेवले की गचक्यात गळत नाहीत. बसमध्ये साधे सुलट काम घ्यावे, जाळीचे मोजायचे काम घरी, अभ्यास नसेल त्या वेळी. सूत ताणले जात नसल्याने मनगटावर लोकरीपेक्षा अधिक ताण येतो. अर्ध्या तासाने हात खाली सोडावेत. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागल्यावर ‘एवढी ओळ पुरी करते’ म्हणत राहिले की पुढे आठवडाभर पेनही धरवत नाही, आणि यांतल्या कित्येकींच्या परीक्षा अजून व्हायच्या असतात.

तेव्हा आपल्या पुरवणीत यापुढे जी कृती येईल तिच्याबरोबर सुईचे माप मिलिमीटरमध्ये, धागा कशाचा, किती ग्रॅम व किती मीटर, १० सेंटिमीटरला टाके किती, आणि काम किती तासांचे, एवढे द्यावे. चार ओळी लागतील. जागा नसेल तर खिडकीचे छायाचित्र अर्धे करावे.

आपल्या,
विणकाम व क्रोशे शिकवणाऱ्या दोघी, बार्देश