विषय : तुमचा गिटार प्रोसेसर, तुमची हेल्पलाइन आणि माझे पुसले गेलेले ३७ पॅच (म्हणजे जुळवून साठवलेले आवाज)

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

स.न.वि.वि. लिहिण्याइतकी माया आज उरलेली नाही. तुमच्या हेल्पलाइनबरोबरचा पाचवा फोन आत्ताच संपला. तक्रार क्रमांक तुमच्याकडे असतीलच. पाच फोनचे पाच क्रमांक आहेत, कारण दर वेळी आधीची तक्रार 'निकाली' काढलेली असते. कोणी निकाली काढली, हे मला विचारू नका.

यंत्र तुमचेच आहे, तेव्हा गिटारचा आवाज बदलणारे सगळे इफेक्ट एकाच खोक्यात देणारे हे यंत्र काय करते, ते तुम्हाला समजावत बसत नाही. मी २२ वर्षे गिटार वाजवतो आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे पायाशी चार सुटे पेडल होते. नॉब फिरवला की आवाज बदलायचा आणि हात काढला की तिथेच राहायचा. तुमच्या प्रोसेसरवर मी तासभर खपून एक डिले (स्वराचा प्रतिध्वनी) जुळवला, शेजारच्या पॅचवर गेलो, परत आलो, तर डिले गायब. स्टोअर दाबले नव्हते. चूक माझी, मान्य. दुसऱ्यांदाही माझीच. तिसऱ्यांदा मात्र मी स्टोअर दाबले होते. ते दोनदा दाबावे लागते, हे पडद्यावर कुठेही लिहून येत नाही. असो. शिकलो.

तुम्ही भरून दिलेल्या पॅचबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येकात एवढा रिव्हर्ब आहे की गिटार रिकाम्या विहिरीत पडल्यासारखी वाटते. ते सगळे बाजूला ठेवून मी महिनाभरात स्वतःचे ३७ पॅच बांधले. नॉइज गेट (खरखर अडवणारा) किती डेसिबलला उघडायचा, ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा) कोरसच्या (आवाज दाट करणाऱ्या इफेक्टच्या) आधी की नंतर, डिलेची शेपटी पुढच्या पॅचमध्ये ऐकू यावी की तुटावी, हे सगळे रात्री हेडफोन लावून एकेक करून ठरवले. हेडफोनवर आवाज सुरेख येत होता, हे मुद्दाम नोंदवतो.

तोच प्रोसेसर माझ्या गिटार अँपला जोडला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. खर्ज नुसता घुमतो, वरचे स्वर बसलेले. ट्रेबल पूर्ण चढवला तरी फरक नाही. म्हणून मी हेल्पलाइनला फोन केला. पहिल्या फोनवर 'केबल तपासा' आणि दुसऱ्यावर 'दुसरी केबल तपासा' असे उत्तर मिळाले. दोन्ही तपासल्या.

तिसरा फोन जरा सविस्तर सांगतो, कारण तो अजून डोक्यातून गेलेला नाही. २६ मिनिटे वाट पाहिली. तेवढा वेळ तुम्ही गिटारची एक धून ऐकवत होता. तिचा आवाज अगदी स्वच्छ होता. ती कुठल्या प्रोसेसरवर वाजवली आहे, तेवढे कळवा. मग तुमचे प्रतिनिधी आले. मी म्हणालो, ''हेडफोनवर चांगलं वाजतं, अँपवर आवाज दबतो. तुमच्या यंत्रात काही सेटिंग आहे का?''

ते म्हणाले, ''सर, गिटार ट्यून केली आहे का?''

मी म्हणालो, ''केली आहे. तुमच्याच ट्यूनरवर.''

बराच वेळ कीबोर्डचा आवाज. मग, ''सर, आपण गिटार कधीपासून शिकताय?''

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. म्हणून विचारले, ''म्हणजे?''

''म्हणजे सर, सुरुवातीला सगळ्यांचाच आवाज नीट येत नाही. सरावानं येतो. आपण काळजी करू नका.''

महोदय, मी काही क्षण गप्प बसलो. ते त्यांना संमतीसारखे वाटले असावे, कारण पुढे त्यांनी मला बोटांचे व्यायाम यूट्यूबवर मिळतात, असेही सांगितले. आपण मोफत शिकवणी देता हे जाहिरातीत कुठे वाचले नव्हते. २२ वर्षे वाजवतो आहे असे सांगितल्यावर उत्तर आले, ''अच्छा, मग सर फॅक्टरी रीसेट करून बघा.''

मी केले. त्यांच्या सांगण्यावरून, ते फोनवर असताना, त्यांनी सांगितलेली दोन फूटस्विच एकत्र दाबून धरून यंत्र चालू केले. पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि माझे ३७ पॅच गेले. आवाज होता तसाच दबलेला. ''झालं का सर? अजून काही मदत?''

चौथ्या फोनवर दुसऱ्या प्रतिनिधींनी सांगितले की रीसेटच्या आधी संगणकावर बॅकअप घ्यायला हवा होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. बॅकअप घ्या हे वाक्य तुमच्या माणसाच्या तोंडून रीसेटच्या आधी निघाले असते तर फक्त दहा सेकंद लागली असती. मला महिना लागला होता.

शेवटी कारण मी शोधले. तुमच्या यंत्रात कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल, आहे, ते हेडफोनसाठी आणि थेट मिक्सरसाठी. गिटार अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे मुळातच गाळतो. त्यावर तुमचे नकली कॅबिनेट पुन्हा तेच गाळते. दोनदा गाळल्यावर उरणार काय? ते बंद करण्याची सोय ग्लोबल मेनूत, आउटपुट नावाच्या उपमेनूत, चौथ्या पानावर आहे. खोक्यातल्या पत्रकात तिचा उल्लेख नाही. त्या पत्रकात यंत्र पाण्यात बुडवू नका, हे मात्र अकरा भाषांत आहे. पूर्ण पुस्तिका उतरवून घेतली तर तिथे ५८व्या पानावर एका ओळीत लिहिले आहे : 'आउटपुट सिलेक्ट : आउटपुट निवडा.' ज्याने हे लिहिले त्याला माझा नमस्कार सांगा.

आता माझ्या तक्रारीचे मूळ. ही सेटिंग कारखान्यातूनच 'लाइन/हेडफोन'वर येते, तेव्हा नकली कॅबिनेट चालूच असते. म्हणजे आवाज दाबत होती ती तुमचीच मूळ सेटिंग. रीसेट केल्यावर यंत्र पुन्हा त्याच सेटिंगवर जाते. त्या रीसेटने आवाज सुधारणे शक्यच नव्हते; पॅच जाणे तेवढे शक्य होते, आणि ते गेले. तुमच्या माणसाला तुमचे यंत्र माहीत असते तर त्याने मला एक मेनू उघडायला सांगितला असता. त्याऐवजी मला बोटांचे व्यायाम सांगितले.

आज पाचवा फोन याचसाठी केला होता, की हे कुठेतरी लिहून ठेवा म्हणजे पुढच्याचे पॅच तरी वाचतील. उत्तर मिळाले, ''सर, अशी माहिती नोंदवायचा पर्याय सिस्टिममध्ये नाही. आपला प्रॉब्लेम सुटला ना? मग तक्रार बंद करतो.''

बंद करू नका. मला पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत : रीसेट सुचवण्याआधी बॅकअपची सूचना देणे तुमच्या प्रतिनिधींना बंधनकारक केले आहे, असे पत्र, खोक्यातल्या पत्रकात आउटपुट सेटिंगची दोन वाक्ये, आणि तिसऱ्या फोनबद्दल माफी, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असा छापील मजकूर वगळून. फोन तुम्ही 'दर्जा सुधारण्यासाठी' ध्वनिमुद्रित करता, असे प्रत्येक वेळी ऐकवता. तो फोन काढून स्वतः ऐका. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर प्रोसेसर परत पाठवून पूर्ण पैसे मागेन आणि तेही जमले नाही तर ग्राहक न्यायालयात जाईन. तुमचे पहिले डिले पेडल मी अजून वापरतो, एकदाही बिघडलेले नाही. तेच लोक हे यंत्र बनवतात, हे मला अजून पटत नाही.

आपला,
तक्रार क्रमांक पाचवा

ता. क. एक्स्प्रेशन पेडलचे (पायाने इफेक्ट कमी-जास्त करायच्या पट्टीचे) लिहायचे राहिले. पंजा पूर्ण दाबला तरी पडद्यावर १००ऐवजी ९४ दिसते, त्यामुळे वाह (स्वराला 'वा-वा' असा उघडता-मिटता आवाज देणारा इफेक्ट) वरपर्यंत उघडत नाही. कॅलिब्रेशन दोनदा केले आहे. याचे उत्तर देताना रीसेट हा शब्द वापरू नये.